राजीनामा लिहू नका, रजेचा अर्ज लिहा

पत्राचा सारांश: कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅच विभागात काम करणाऱ्या वाचक लिहितात: मी इथे तीन वर्षांहून जास्त काळ आहे. चलन, ई-वे बिल, वजनकाट्यावरची नोंद सगळं मीच बघते. दर अकरा महिन्यांनी नवं कॉन्ट्रॅक्ट होतं आणि मध्ये दोन-तीन दिवसांचा ब्रेक देतात. पगार १९,००० रुपये. त्यातून पीएफ आणि ईएसआय कापतात. मला पाचवा महिना आहे, पहिलंच बाळंतपण. परवा मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, इथं धूळ-धूर असतो, तुमच्या काळजीपोटी सांगतोय, आताच राजीनामा द्या, बाळ मोठं झालं की बघू. कॉन्ट्रॅक्ट आठव्या महिन्यात संपतंय, ते वाढवणार नाही असंही म्हणाले. साहेब वाईट नाहीत, आमच्या लग्नाला आले होते. सासूबाई म्हणतात, कशाला भांडण, नाव खराब होईल. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना बाळंतपणाची रजा नसते हे मला माहीत आहे. फक्त एवढंच सांगा, राजीनाम्यात काय लिहू म्हणजे पुढे परत घेतील? आणि बोलायला जाताना नवऱ्याला सोबत नेऊ का?

प्रिय ताई,

आधी मनापासून अभिनंदन. तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट खटकली. एवढ्या आनंदाच्या बातमीचा उल्लेख तुम्ही एका ओळीत उरकलात आणि बाकीचं पत्रभर साहेबांची अडचण कशी सोडवायची याचाच विचार केलात. तेव्हा आज थोडा वेळ साहेबांना बाजूला ठेवू आणि तुमच्याबद्दल बोलू.

राजीनाम्यात काय लिहावं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर आहे, काहीच लिहू नका. तो देऊच नका. निदान हे उत्तर वाचून होईपर्यंत आणि खाली सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी तपासून होईपर्यंत तरी कुठल्याही कागदावर सही करू नका.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही ठामपणे लिहिलंय, "कॉन्ट्रॅक्टवाल्यांना बाळंतपणाची रजा नसते हे मला माहीत आहे." हे तुम्हाला कुणी सांगितलं? कायद्याने तर नक्कीच नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात कायम आणि कंत्राटी असा भेद कधीच नव्हता. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने आली. अट एकच, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं. हे ८० दिवस सलग असायला हवेत असं कुठेही म्हटलेलं नाही. म्हणजे तुमच्या दोन-तीन दिवसांच्या ब्रेकने इथे काडीचाही फरक पडत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण २६ आठवडे आणि ८० दिवस हे दोन्ही आकडे तिथेही तसेच आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने तर २००० सालीच दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितलं होतं की मस्टरवर रोजंदारीने राबणाऱ्या बायकांनाही हा लाभ मिळालाच पाहिजे. रस्त्यावर खडी वाहणाऱ्या बाईला जो हक्क आहे, तो तुम्हाला नाही असं कसं होईल?

आता तुमच्या पत्रातली ती ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. पगारातून ईएसआय कापतात. ताई, या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे, आणि मला वाटतं तुमच्या साहेबांनाही ती नीट ठाऊक नसावी.

ईएसआय म्हणजे राज्य कामगार विमा. ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांचा हा विमा उतरवला जातो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक स्वतःचे सव्वातीन टक्के घालतो. तुमच्या १९,००० वर तुमचे १४३ रुपये आणि कंपनीचे ६१८ रुपये दर महिन्याला विमा महामंडळाकडे जातात. स्लिपवर ही रक्कम बघून बहुतेकांना वाटतं, आपण तर त्यांच्या दवाखान्यात कधी गेलोही नाही, पैसे फुकट चालले. पण याच वर्गणीतून विमाधारक बाईला बाळंतपणाचे २६ आठवडे सरासरी रोजच्या वेतनाइतके पैसे मिळतात, पूर्ण दराने. साधारण सहा महिन्यांचा पगार म्हणा. आणि हे पैसे महामंडळ देतं. कंपनीला तुमच्या रजेचा पगार स्वतःच्या खिशातून द्यावा लागत नाही.

यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो म्हणून थोडं थांबून सांगते. गिरण्यांमध्ये आणि कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना बाळंतपणात भत्ता मिळावा यासाठी मुंबई प्रांतात १९२९ मध्ये देशातला पहिला असा कायदा झाला. त्याच्या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, अशी त्यांची मांडणी होती. पण सगळा भार एका मालकावर टाकला की तो बायकांना कामावर घ्यायलाच कचरतो, ही अडचण उरतेच. १९४८ च्या ईएसआय कायद्याने तो भार एका मालकावर न ठेवता सगळ्यांच्या वर्गणीत वाटून टाकला. तुमच्या साहेबांना जे ओझं वाटतंय ते त्यांच्या डोक्यावर नाहीच. कंपनी ज्या महिन्यापासून तुमची वर्गणी भरते, त्या महिन्यापासून त्याची सोय होत आलेली आहे.

म्हणून पहिलं काम हे करा. तुमचा विमा क्रमांक शोधा. दहा आकडी असतो, बऱ्याचदा पगाराच्या स्लिपवरच छापलेला असतो. ईएसआयसीच्या, म्हणजे याच विमा महामंडळाच्या, संकेतस्थळावर विमाधारक म्हणून लॉगिन केलं की कंपनीने कुठल्या महिन्यात किती दिवसांची वर्गणी भरली ते दिसतं. बाळंतपणाच्या लाभासाठी आधीच्या दोन वर्गणी कालखंडांत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबर हा एक कालखंड, ऑक्टोबर ते मार्च हा दुसरा. तुम्ही तीन वर्षं काम करताय, तेव्हा ही अट तुम्ही कितीतरी पटींनी ओलांडली असणार. संकेतस्थळ जमलं नाही तर स्लिपा, आधार कार्ड आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात जा. तिथे दोन गोष्टी विचारा. माझ्या नावावर किती दिवसांची वर्गणी आहे, आणि बाळंतपणाच्या दाव्यासाठी कोणाचा दाखला चालेल? पहिलं बाळंतपण म्हणजे तुम्ही माहेरी जाणार असाल. मग तिथल्या डॉक्टरांचा दाखला कसा आणायचा, हे जाण्याआधीच विचारून ठेवा. नंतर ओली बाळंतीण असताना कागदांसाठी धावपळ नको.

समजा तिथे कळलं की पगारातून पैसे कापले पण भरलेच नाहीत, तर? घाबरू नका. कापून न भरणं हा मालकाचा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा तुम्हाला होऊ नये अशी तरतूद आहे. तुमचा लाभ देऊन महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. अशा वेळी पगाराच्या स्लिपा सोन्यासारख्या जपा.

आता साहेबांच्या "काळजी"कडे वळते. ते वाईट माणूस आहेत असं मी म्हणणार नाही. लग्नाला आले, आहेर दिला, सगळं खरं. पण फाउंड्रीतल्या धुराची काळजी वाटणारा माणूस म्हणेल, उद्यापासून वजनकाट्यावर उभ्या राहू नका, ऑफिसात बसून चलनं बनवा. घरी बसा आणि पगार सोडा, हे काळजीचं बोलणं होत नाही. कायद्यानेही ही सोय केलेली आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, या काळात बाईने मागणी केली तर तिला जड काम किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी आताच धुरापासून दूर राहायला सांगितलं असेल तर तसं चिठ्ठीवर लिहून घ्या आणि आताच मागणी करा. डिस्पॅचचं निम्मं काम तर कॉम्प्युटरवरच असतं.

साहेबांना लाभाचे पैसे कोण देतं हे माहीत नसण्याची शक्यता खरंच आहे. म्हणून मी तुम्हाला भांडायला सांगत नाहीये. एकदा शांतपणे बोला. म्हणा, "सर, मी चौकशी केली. रजेचे पैसे ईएसआयकडून मिळतात, कंपनीला द्यावे लागत नाहीत. मला नोकरी सोडायची नाही. मी रजेचा अर्ज देते आणि जाण्याआधी माझ्या जागी येणाऱ्याला काम शिकवून जाते." चांगल्या माणसाला एवढं पुरतं. आणि एवढं सांगूनही ते राजीनाम्यावरच अडून बसले, तर ती काळजी कोणासाठी होती हे तुम्हाला आपोआप समजेल.

बोलणं झालं की त्याच दिवशी अर्ज द्या. नुसतं तोंडी ठेवू नका. फार कायदेशीर भाषा नको, असं काही लिहिलं तरी चालेल:

"मी डिस्पॅच विभागात काम करते. मी गरोदर असून डॉक्टरांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख अमुक दिली आहे. दाखला सोबत जोडला आहे. मी अमुक तारखेपासून प्रसूती रजेवर जाणार आहे. माझा ईएसआय विमा क्रमांक अमुक आहे. लाभ मिळण्यासाठी लागणारी माहिती कार्यालयाने वेळेत पुरवावी. रजा सुरू होईपर्यंत मला धुरापासून दूर, बसून करता येईल असं काम द्यावं, ही विनंती. मला नोकरी सोडायची नाही. रजा संपल्यावर मी कामावर रुजू होईन."

दोन प्रती काढा. एक आत द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज कंपनीच्या ईमेलवर पाठवा आणि स्पीड पोस्टनेही पाठवून पावती जपून ठेवा. केबिनमध्ये पुन्हा बोलावून राजीनाम्याचा विषय काढला, तर बाहेर आल्यावर "आज अमुक वाजता आपण मला राजीनामा द्यायला सांगितलंत, मी नकार दिला आहे" एवढा दोन ओळींचा ईमेल करा. पुढे कधी गरज पडलीच तर हा ईमेल हजार शब्दांच्या तक्रारीपेक्षा जास्त कामाचा ठरेल. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांची बाजू खरी असते, पण हातात कागद एकच असतो, आणि तो म्हणजे "वैयक्तिक कारणास्तव" असं स्वतःच्या अक्षरात लिहिलेला राजीनामा. जबरदस्तीने घेतलेला राजीनामा कायद्यात टिकत नाही, पण जबरदस्ती झाली हे सिद्ध करण्याचं ओझं मग तिच्यावर येतं.

हे वाचणाऱ्या कुणी असा राजीनामा आधीच देऊन बसल्या असतील, तर आजच्या आज "मी राजीनामा मागे घेत आहे" असा ईमेल करा. राजीनामा स्वीकारला जाण्याआधी किंवा अंमलात येण्याआधी तो मागे घेता येतो.

तुमच्या कॉन्ट्रॅक्टबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे मला तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. कॉन्ट्रॅक्ट आठव्या महिन्यात संपतंय म्हणून लाभ बुडेल ही भीती काढून टाका. दिल्लीतल्या सरकारी रुग्णालयातल्या एका कंत्राटी डॉक्टरची नेमणूक ११ जून २०१७ ला संपत होती आणि त्यांनी १ जूनपासून रजा मागितली होती. उच्च न्यायालयाने फक्त ११ दिवसांचे पैसे मान्य केले. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सांगितलं की एकदा पात्रता पूर्ण झाली की लाभ करार संपल्यावरही चालू राहतो. प्रसूतीआधी आठ आठवड्यांपर्यंत रजा घेता येते. तुमची तारीख आणि कॉन्ट्रॅक्टची तारीख शेजारी ठेवून बघा. कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आधी रजा सुरू करणं तुम्हाला बहुधा जमेल, आणि ते जमवाच. मातृत्व लाभ चालू असताना कामावरून काढणं कायद्याला मान्य नाही.

पण लाभाचे पैसे मिळणं वेगळं आणि नोकरी टिकणं वेगळं. कॉन्ट्रॅक्टची मुदत संपली आणि कंपनीने नवं दिलंच नाही, तर तो प्रश्न जास्त अवघड आहे. दर अकरा महिन्यांनी ब्रेक देऊन वर्षानुवर्षं माणसाला तात्पुरतं ठेवणं, कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून, याला महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंध कायद्यात अनुचित कामगार प्रथा म्हटलं आहे. तुमच्याकडे तीन वर्षांची कॉन्ट्रॅक्टं आहेत, बारमाही चालणारं काम आहे, आणि नकाराचं कारण गरोदरपण होतं हे दाखवणारा ईमेल असेल. ही बाजू चांगली आहे. पण अशी तक्रार साधारणपणे घटनेपासून ९० दिवसांत करावी लागते, प्रकरण लांबू शकतं, आणि तान्हं बाळ घेऊन तारखांना जाणं सोपं नाही. ती लढाई लढायची की नाही हे तुम्ही आणि घरच्यांनी मिळून ठरवा. मी तुमच्या जागी असते तर आधी लाभ पक्का केला असता, कागद जमवले असते, आणि लढायचं की नाही हे प्रत्यक्ष नकार आल्यावर ठरवलं असतं. आता राजीनामा दिलात तर मात्र हा प्रश्न विचारायची वेळच येणार नाही. उरलेल्या महिन्यांचा पगार, रजेच्या काळातलं संरक्षण आणि तीन वर्षांच्या सेवेवर उभं राहणारं सगळं म्हणणं एका सहीत जाईल. निश्चित मुदतीच्या कामगारांना एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी द्यावी लागते, असं नवी संहिता म्हणते. तोही हिशेब वकिलाकडून करून घ्या.

वकिलाचा खर्च परवडणार नाही असं वाटत असेल तर हे लक्षात ठेवा, बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही मदत मागता येते. त्याशिवाय ईएसआयच्या दाव्यात अडथळा आला तर शाखा व्यवस्थापकाकडे जा, आणि कारखान्याविरुद्धच्या तक्रारीसाठी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे.

ज्या वाचकांचा पगार २१,००० च्या वर आहे किंवा ज्यांची आस्थापना ईएसआयमध्ये येत नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या दुकानाला, ऑफिसला, शाळेला, दवाखान्यालाही मातृत्व लाभाचा कायदा लागू आहे. फक्त तिथे पैसे मालकाने द्यायचे असतात. प्रसूतीआधीच्या काळाचे आगाऊ, आणि उरलेले प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. गरोदर असताना काढून टाकलं म्हणून हा लाभ बुडत नाही. मात्र स्वतः राजीनामा दिलेल्या बाईला तो मागणं फार कठीण जातं, म्हणून तुम्ही तर राजीनाम्यापासून आणखी लांब राहा.

सासूबाईंबद्दल. त्या तुमच्या भल्यासाठीच बोलतायत, आणि नाव खराब होण्याची भीती आपल्याकडच्या प्रत्येक बाईने कधी ना कधी ऐकलेली असते. त्यांच्याशी कायद्याची कलमं बोलू नका. त्यांना ती पगाराची स्लिप दाखवा आणि सांगा की दर महिन्याला आपले पैसे तिकडे जातायत, ते बाळाच्या वेळी परत मिळणार आहेत, आणि त्यासाठी कुणाशी भांडायचं नाही, अर्ज भरायचा आहे. पैशाचा असा रोखठोक हिशेब जुन्या माणसांना आपल्यापेक्षा लवकर कळतो.

कामावर परतल्यावरच्या दोन गोष्टीही आताच कळू द्या, कारण तेव्हा कुणी सांगणार नाही. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोनदा बाळाला पाजायला वेळ मिळाला पाहिजे. आणि तुमच्या फाउंड्रीत सगळे मिळून ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय करणं कंपनीवर बंधनकारक आहे. डिस्पॅचमध्ये किंवा ऑफिसात तुमच्यासोबत आणखी बायका असतील तर त्यांच्याशीही बोला. त्यांच्याही स्लिपवर ती पाऊण टक्क्याची रक्कम असेलच.

राहिला नवऱ्याचा प्रश्न. साहेबांशी बोलायला एकट्याच जा. नोकरी तुमची आहे, आणि नवरा सोबत आला की बोलणं त्या दोघांमध्येच सुरू होण्याची शक्यता जास्त. ईएसआयच्या शाखा कार्यालयात मात्र त्यांना नक्की घेऊन जा. बाळंतपणानंतर कागद नेऊन देण्याचं काम त्यांनाच करावं लागेल, तेव्हा खिडकी कुठली, माणूस कोण आणि कुठला दाखला लागतो, हे त्यांना आतापासून ठाऊक असू दे.